मालक नावाचं बटण

कामावर त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत, बँडमध्ये बेसवाला, आणि घरी 'अहो'. तिन्ही ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षा एकच असायची: काम चोख व्हावं आणि माणूस दिसू नये. लिफ्ट नीट चालत असताना ती दुरुस्त करणाऱ्याची आठवण कोणी काढत नाही. बेस गिटारचंही तसंच. लोक घरी जाताना गाणारीचं गाणं गुणगुणतात, ड्रमवाल्याची नक्कल करत जिन्याच्या कठड्यावर बोटं आपटतात. पण बेसची ओळ गुणगुणत घरी गेलेला माणूस अजून कोणाला भेटलेला नाही. बेसवाल्याला याचं वाईट वाटत नसे. खोटं कशाला बोला, वाटत असे, पण तो बोलून दाखवत नसे.

बँड चौघांचा. गाणारी बाई, जिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि जरा टरकून असत. कीबोर्डवाला, सदा घामाघूम. ड्रमवाला, जो बेसवाल्याचा सख्खा साडू होता. आणि हा. एका जुन्या क्लबच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी ते वाजवत आणि पन्नाशी ओलांडलेली जोडपी एकमेकांच्या पायांवर पाय देत मनापासून नाचत.

आता आवाजाच्या बटणाबद्दल सांगायला हवं, कारण बेसवाल्याचा स्वभाव कळतो तो तिथे. काही जण बटण पहिल्याच दिवशी शेवटापर्यंत पिळतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. पुढचं काय ते स्पीकर आणि शेजारी बघून घेतील. काही जणांचा हात बटणावरून हलत नाही, दर गाण्याला खाजवल्यासारखं करत राहतात. आणि काही जण पाऊण भागाच्या पुढे म्हणून जात नाहीत. उरलेला पाव अडीअडचणीला राखून ठेवतात. अडीअडचण काही येत नाही आणि तो पाव तसाच राहून जातो. आपला बेसवाला या तिसऱ्या पंथाचा.

त्याच्या गिटारला बटणं तीन. तारांखाली दोन चुंबकं असतात, त्यांची दोन. यातल्या एका बटणाला तो थोरली म्हणे आणि दुसऱ्याला धाकटी. थोरली म्हणजे त्याची बायको आणि धाकटी म्हणजे मेव्हणी, साडूची बायको, हे साडूला ठाऊक होतं आणि त्याला ते शंभर टक्के पटलेलं होतं. कारण असं, की दोन्ही बटणं एकदम पूर्ण चढवली की आवाज मोठा होतो खरा, पण मधला सगळा भाग गायब होतो. घुमतं भरपूर, कळत काहीच नाही. एकीला केसभर मागे घेतलं की लगेच अर्थ लागायला लागतो. मात्र जिला मागे घेतलं तिच्यामुळे एक बारीक कुरकुर सुरू होते, आणि ती कुरकुर सोसावी लागते.

तिसरं बटण सगळ्यांवरचं. दोघींचा मिळून जो आवाज होईल तो याच्या हातात. त्याला बेसवाला म्हणे मालक.

या मालकाची गंमत अशी, की त्याला अधिकार काडीचा नव्हता. फार वर्षांपूर्वी तो खरखरायला लागला, तेव्हा बेसवाल्याने आतली एक तार तोडून त्याला बाजूला टाकलं आणि थोरली-धाकटीला थेट बाहेरचा रस्ता मोकळा करून दिला. सवडीने नवा आणून बसवू, असं ठरवलं. सवड काही झाली नाही. मालक आपला जागेवर बसून होता, फिरवला की फिरत होता, दिसायला तिघांत देखणा होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

एका शनिवारी बाईंनी गाता गाता मागे वळून भुवई उंचावली. म्हणजे: बेस खाली घ्या. बेसवाल्याचा हात घाईत चुकून मालकावर गेला. त्याने तो चांगला अर्धा मागे पिळला. चूक लक्षात येऊन तो दुसऱ्या बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात बाईंनी मान डोलावली आणि ओठांनी म्हणाल्या, "हां, आता छान."

बेसवाला चाट पडला. आवाज तसूभर हलला नव्हता. पण बाई खूश होत्या, पुढचं कडवं तर त्यांनी फारच सुरेख गायलं. त्या दिवशी बेसवाल्याला असं काही गवसलं की त्याचं पुढचं आयुष्य सोपं होऊन गेलं. बाई म्हणाल्या खाली घ्या, की मालक मागे. साडू म्हणाला वर घे, की मालक पुढे. साडूला तर दर गाण्यात बेस वर हवा असे, कारण त्याला ताल धरायला तोच लागे. "वर घेतलास ना? मला काही फरक वाटत नाही," तो म्हणे. "ड्रम बडवून बडवून तुझे कान गेलेत," बेसवाला म्हणे, आणि साडू बिचारा विचारात पडे.

आणि मग, सांगायला नको, पण हे घरीही सुरू झालं. बायकोचं पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान होतं: मिक्सर, इस्त्र्या, पंखे, जे बिघडेल ते. बेसवाला कामावरून येऊन मागच्या खोलीत वाजवायला बसला की दुकानातून हाक येई.

"अहो, जरा कमी करा!"

बेसवाला दारातून दिसेल असा वळे, मोठ्या आज्ञाधारकपणे मालक पिळे आणि विचारे, "एवढं?"

"हां, आता बरं," बायको म्हणे आणि पुन्हा एखाद्या मिक्सरच्या पोटात तोंड घाले.

लग्न झाल्यापासून तिचं एवढं ऐकणारा नवरा आळीत दुसरा नव्हता. तिने बहिणीला तसं सांगितलंही होतं, आणि धाकटीने ते साडूला ऐकवलं होतं.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना क्लबच्या सेक्रेटरीने खोडा घातला. त्याला हॉलमध्ये कॉफीचं मोठं यंत्र बसवायचं होतं आणि जागा सापडली ती स्टेजची डावी बाजू. स्टेज कापलं तर वर तिघंच मावणार. सेक्रेटरीने बाईंना बोलावून विचारलं, "तुमच्यात कोण नसलं तर चालेल?" बाई काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "तो एक कोपऱ्यात उभा असतो, जाड तारांचा. तो नेमकं काय करतो? कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच असतो की. त्यानेच ते ढूम-ढूम वाजवायचं."

ठरलं असं, की येत्या शनिवारी मध्यंतरापर्यंत नेहमीप्रमाणे चौघांनी वाजवायचं, आणि मध्यंतरानंतर तिघांनी. फरक जाणवला नाही तर बेसवाल्याने गिटार म्यानात घालावी. कीबोर्डवाला कळवळून म्हणाला, "अहो, डाव्या हाताने मी घाम पुसतो!" पण त्याचं कोण ऐकतो.

 आठवडाभर बेसवाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वंगण लावत होता आणि त्याच्या मनात एकच घोळत होतं. आठवड्याचे सहा दिवस तो लोकांना वर-खाली करण्यासाठी जगत होता. शनिवारचे ते तीन तास तो स्वतःसाठी उभा असे. ते गेलं तर उरतं काय? उरतात लिफ्टा. घरी त्याने हे एकदाच सांगितलं, तेही जेवताना, भलतीकडे बघत.  बायकोने पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला.

शुक्रवारी तो कामावरून आला तेव्हा गिटार दुकानातल्या टेबलावर होती. पुसून लख्ख केलेली. तिन्ही बटणं चमकत होती.

"खरखरत होती थोडी," बायको म्हणाली. "उद्या लोकांसमोर जायचंय, म्हटलं बघावं. झाली आता."

बेसवाल्याला भरून आलं. तिने आजवर या गिटारला कधी हात लावला नव्हता. आत काय केलंस, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण दुरुस्त केलेल्या वस्तूबद्दल बडबड करायची तिला सवय नव्हती. तिला आत मालकाची तुटलेली तार लोंबताना दिसली होती. तिने मालक बदलून नवा बसवला, तार सोल्डर केली आणि दोघींना पुन्हा त्याच्या हाताखाली दिलं. तार बहुधा परवा-तेरवाच तुटली असेल, असं तिला वाटलं.

शनिवारी हॉल भरलेला. सेक्रेटरी पुढच्या टेबलावर हाताची घडी घालून बसलेला. थोरली आणि धाकटी, म्हणजे खऱ्या, तिसऱ्या रांगेत. पहिलं गाणं झकास झालं. बेसवाला असा जीव ओतून वाजवत होता की साडूने चक्क काही तक्रार केली नाही.

दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात बाईंनी मागे वळून भुवई उंचावली.

आज कोणालाही दुखवायचं नव्हतं. बेसवाल्याने अदबीने मान लववली आणि सगळ्या हॉलला दिसेल अशा थाटात मालक मागे पिळला, अर्धा नाही, पाऊण नाही, पार शेवटापर्यंत.

आणि बेस गेला.

पायाखाली लाकडी फळ्यांची जी थरथर असते तीच थांबली.  बेसवाल्याची बोटं सवयीने चालत राहिली, पण नुसतीच. त्याने पायाने केबल चाचपली. जागेवर होती. मागे बघितलं, स्पीकरचा लाल दिवा पेटलेला. थोरलीला पूर्ण चढवलं, धाकटीला पूर्ण चढवलं. काही नाही. लिफ्ट बंद पडली म्हणून फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो स्वतः पहिलं विचारायचा, "बटण बंद केलं नाहीत ना?" पण मालकाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. जो इतकी वर्षं काही करत नव्हता, त्याने आज काही केलं असेल असं कोणाच्या मनात येणार?

पण खरा घाव पुढेच होता. कोणाच्या काही लक्षातच आलं नाही. जोडपी नाचत होती, पायांवर पाय पडत होते, हसत होती. बाई मागे वळल्या, प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "हां, आता छान!" सेक्रेटरीने शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी माना डोलावल्या. एकटा साडू भुवया नाचवत ओरडत होता, "वर घे! अरे, वर घे!" पण तो तर ते दर शनिवारी ओरडायचा, कोण मनावर घेतो. मुक्या गिटारच्या तारा छेडत बेसवाला उभा होता आणि त्याला कळून चुकलं की सेक्रेटरीचं बरोबर आहे. आपण नसलो तरी चालतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

"अहो!"

तिसऱ्या रांगेत त्याची बायको उभी राहिली होती.

त्या एका शब्दाने जे झालं ते बाईंच्या गाण्याने कधी झालं नव्हतं. हॉलमधले निम्मे पुरुष जागच्या जागी थांबले आणि हाकेच्या दिशेने वळले. ज्यांच्या बायका त्यांच्या हातात हात घालून नाचत होत्या तेही वळले, आणि त्याचा जाब त्यांना पुढे घरी द्यावा लागला. सेक्रेटरी ताडकन उभा राहिला, त्याची तर बायको हॉलमध्ये नव्हतीच. जोडपी एकमेकांवर आदळली. कीबोर्ड थांबला, ड्रम थांबला, शेवटी बाईही थांबल्या.

"अहो, तुमचा आवाज येत नाहीये!" बायको तिथूनच म्हणाली. "वाढवा की!"

"वाढवलाय गं! दोन्ही पूर्ण आहेत!"

"ते तिसरं बघा! ते बंद केलंत तुम्ही!"

"त्याचं काय बघायचं? त्याची तार तुटलीय!"

"ती मी काल जोडली!"

 बाईंच्या हातातला माईक चालू होता, त्यामुळे त्यांनी जे हळू आवाजात विचारलं ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"तार तुटली होती? कधीपासून?"

बेसवाल्याने साडूकडे बघितलं. साडू काठ्या मांडीवर ठेवून आ वासून बसला होता. त्याने धाकटीकडे बघितलं, तिने तोंडाला रुमाल लावला होता. बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"झाली," तो म्हणाला, "बरीच वर्षं."

"म्हणजे मी दर वेळी खाली घ्या म्हणायचे, तेव्हा तुम्ही..."

"हो."

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत!" साडू एवढ्या आनंदाने ओरडला की हॉल खदाखदा हसला. बाई सोडून.

सेक्रेटरीला हसू आवरेना. "बाई, आम्हाला काय, प्रश्नच मिटला. आत्ता तो पूर्ण बंद होता, तेव्हा तर तुम्ही स्वतः छान म्हणालात. मग काढा की."

इथे सेक्रेटरी चुकला. बाईंना चारचौघांत कोणी त्यांचेच शब्द ऐकवलेले चालत नसत. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"मी छान म्हटलं ते पुढे नाचणाऱ्या जोडप्याला," त्या म्हणाल्या. पुढचं जोडपं लाजलं. "आणि याला काढायचं? वर्षानुवर्षं मला फसवलंय याने. असा सुखासुखी सोडीन होय? आता तर हा दर शनिवारी येणार, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहणार, आणि मी खाली म्हटलं की खरंखुरं खाली घेणार."

"पण कापलेल्या स्टेजवर चौघं मावणार नाहीत," सेक्रेटरी म्हणाला.

"मग उतरवा त्याला. खाली फरशीवर उभा राहील."

अशा रीतीने शिक्षा म्हणून बेसवाल्याची जागा वाचली. कीबोर्डवाल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि डाव्या हाताने घाम पुसला. मध्यंतरानंतरची परीक्षा कोणी घेतलीच नाही. बेसवाला स्टेजवरून उतरून फरशीवर उभा राहिला, मालक पुढे केला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. दोन-तीनदा त्याने घसा खाकरला, पण त्यापुढे गाडी जाईना. दाराशी ती किल्ली काढता काढता थांबली.

"म्हणजे मी कमी करा म्हणायचे, तेव्हा घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा."

"आणि मी 'आता बरं' म्हणायचे."

"हो."

तिने कुलूप उघडलं, पण आत गेली नाही. "मग आवाजाचा मला त्रास नव्हताच की," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "मी बोलले की तुम्ही वळून हात हलवायचात, तेवढ्यानेच मला बरं वाटायचं. बहिणीला सांगायचे, आमच्याकडे माझं ऐकतात म्हणून."

बाईंपुढे, सेक्रेटरीपुढे, भरल्या हॉलपुढे त्याला जी लाज वाटली नव्हती ती आता वाटली. थट्टेत न्यावं असं काही त्याला सुचलं नाही.

"चुकलो," तो म्हणाला.

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं, तरी ती एक पंखा उघडून बसली होती. बेसवाला मागच्या खोलीत गेला. गिटार घ्यावी की नाही, यावर त्याने बराच वेळ घालवला, आणि शेवटी घेतली. पहिल्या चार सुरांतच हाक आली.

"अहो, कमी करा!"

त्याने मालक मागे घेतला. खरोखर.

"इतकं नाही काही!"

त्याने थोडा पुढे केला.

"हे फार झालं."

थोडा मागे.

"आता ऐकू येत नाही."

"मग किती ठेवू, सांग ना!"

"मला काय माहीत? आजवर कधी सांगायची वेळ आली होती का?"

अर्धी दुपार त्यातच गेली. वाजवणं राहिलं बाजूला. सूर एकच, तो पुढे-मागे करत होता आणि ती पंख्याच्या पात्यांमधून हुकूम सोडत होती. हातखंडा असलेल्या गोष्टीत तो असा कधी चुकला नव्हता. अखेर ती पाना हातातच घेऊन उठली, मागच्या खोलीत आली, त्याच्या पोटाशी वाकून तिने स्वतः बटण धरलं आणि कान देऊन हळूहळू फिरवलं. मनासारखं झाल्यावर हात काढला आणि पुन्हा पंख्याकडे जाऊन बसली.

बेसवाल्याने खाली बघितलं. तो स्वतः आजवर बटणं ज्या पाऊण भागावर ठेवत आला होता, त्याच्या बरंच पुढे तिने ते ठेवलं होतं.